पाठपोट छापलेलं पान

१

माझ्या मौखिक परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता माझ्या प्रबंधातलं एक पान गायब झालेलं निघालं. एकाच प्रतीतलं गेलं असतं तर नशिबाला चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण चारही प्रतींतलं गेलं होतं, आणि चारहींतलं तेच पान.

मी रूपाली. आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या कॉलेजातून पीएच.डी. करत होते. (मालेगाव म्हटलं की लोक नाशिकचं समजतात, म्हणून आधीच सांगितलं.) विषय होता वऱ्हाडी बोलीतले शेतीचे शब्द. सहा वर्षं मी वही घेऊन गावोगाव हिंडले. त्यातली निम्मी जऊळक्याला, गोजराबाई आणि भागिरथाबाई या दोन जावांच्या ओसरीवर गेली. मी दोघींनाही मावशी म्हणते. भागिरथामावशीच्या यजमानांवर वावरात वीज पडली, त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून थोरल्या जावेनं, म्हणजे गोजरामावशीनं, तिला वेगळी चूल मांडू दिली नाही. या दोघींनी सांगितलेले शब्द काढून टाकले, तर माझ्या प्रबंधाची जाडी लग्नपत्रिकेएवढी राहील.

परीक्षकांनी प्रबंध आधीच संगणकावर वाचून पसंत केला होता. त्या वाचनाच्या प्रतीत कुणाचं नाव नको असतं, म्हणून ऋणनिर्देश नव्हता. तो मी शेवटी लिहिला आणि बांधलेल्या चार प्रतींत घातला. या चार प्रतींवर परीक्षेच्या दिवशी सह्या होतात आणि मगच पुढचं सगळं. आदल्या संध्याकाळी मी प्रती ग्रंथालयाच्या कपाटात ठेवल्या होत्या. सकाळी त्या काढल्या, काळ्या रेक्झिनवरची सोनेरी अक्षरं उगाचच एकदा पुसली, आणि सहीचं पान काढायला गेले तर ते जागेवर नव्हतं.

पान तसं साधंच होतं. पुढच्या बाजूला मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र, मागच्या बाजूला ऋणनिर्देश. हल्ली कागद वाचवायला पाठपोट छापतात. पण त्या प्रमाणपत्राखाली माझ्या मार्गदर्शकांची, संघदीप सरांची, निळ्या शाईतली सही होती. चार कागदांवर चार सह्या करून सर घरी गेले आणि आठव्या दिवशी त्यांना पक्षाघात झाला. त्यांचा उजवा हात अजून हलत नाही. नागपूरच्या दवाखान्यात त्यांची सून मोबाइल धरून बसली होती, सरांना माझी परीक्षा दिसावी म्हणून.

"सही नाही तर परीक्षा नाही," कॉलेजच्या संशोधन केंद्राचे प्रमुख गोविंदसिंग सर म्हणाले. "अंगठा घ्यायचा तर दाखले, साक्षीदार, विद्यापीठाची मंजुरी. नवा मार्गदर्शक घ्यायचा तर आणखी उशीर. वर्ष गेलं समजा."

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम शांत होत्या. त्यांना संध्याकाळी जऊळका स्टेशनवरून अकोल्याची गाडी धरायची होती. "मी दोन वाजेपर्यंत थांबते," त्या म्हणाल्या. "मूळ सहीचं पान मिळालं तर परीक्षा घेऊ. नाही मिळालं तर माझा नाइलाज आहे."

मी घड्याळाकडे पाहिलं. अकराला पाच कमी होते.

२

पहिला आळ बाइंडिंगवाल्यावर आला. साहजिकच होतं. पान नाही म्हणजे त्यानं घातलंच नसेल.

आमचे बाइंडिंगवाले म्हणजे मेहबूबचाचा. बसस्टँडजवळच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. चाचा जिल्द बांधतात आणि सून सबिहा पुढच्या खोलीत टायपिंग आणि छपाई करते. माझा प्रबंध तिनंच टाइप केला. चाचांना मी परीक्षेचं आमंत्रण दिलं होतं, म्हणून ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून सभागृहात पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना ग्रंथालयात बोलावलं आणि गोविंदसिंग सरांनी सरळ विचारलं, "चाचा, पान घालायचं राह्यलं का?"

चाचांनी खिशातून चष्मा काढला, एक प्रत उचलली, पान असायला हवं होतं तिथं ती उलगडली आणि आतल्या सांदीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग दुसरी प्रत, मग तिसरी, मग चौथी. चौथ्या प्रतीशी त्यांचा हात थांबला.

"पान घातलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "हे पा, काठ शिल्लक हाय. कोणीतरी काढलं."

"कोणी?"

"ते मले आत्ताच नाही सांगता येत, सर."

चाचांना मी दहा वर्षं ओळखते. हा माणूस बोलायला लागला की चहा थंड होतो. तो असा गप्प झाला म्हणजे त्याला काहीतरी कळलं होतं, आणि कळलेलं आवडलं नव्हतं.

सरांनी ताबडतोब सगळ्यांना ग्रंथालयाबाहेर काढलं आणि किल्ली खिशात टाकली. "कोणी आत जायचं नाही. जे काय हाय ते जागच्या जागी राहू द्या."

निघताना मी खोलीवरून नजर फिरवली. कपाट उघडं होतं. टेबलावर पाण्याचा स्टीलचा पेला होता आणि त्याच्या काठाला पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा चिकटला होता. खिडकीखाली चाचांनीच ग्रंथालयाला दिलेला लाकडी शिकंजा होता, फाटकी पुस्तकं चिकटवून दाबात ठेवायचा. त्याचे दोन्ही स्क्रू घट्ट आवळलेले होते. मला यातलं काहीच लक्षात ठेवावंसं वाटलं नाही. मी आपली रडू आवरण्यात गुंतले होते.

पण चाचा दारात थबकून खोलीकडे वळून पाहत होते.

"सर," ते म्हणाले, "मले एक तास द्या. चार लोकायशी बोलतो. नाव माह्या दुकानाचं जाऊन राह्यलं, तं शोधणं बी मलेच लागते."

३

सकाळपासून ग्रंथालयात पाऊल टाकलेले तिघेच होते. चाचांनी व्हरांड्यात तीन खुर्च्या मांडल्या. एक त्यांना, एक मला, आणि एक येणाऱ्याला.

आधी आला लखन. हाही संशोधक विद्यार्थी. संघदीप सरांकडे एकच जागा होती आणि ती मला मिळाली, म्हणून त्याला दुसरा मार्गदर्शक घ्यावा लागला. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. शिवाय सकाळी नऊपासून तो वाचनटेबलावर होता, आणि त्याच्या कंपासपेटीत चकचकीत ब्लेड होतं. ते त्यानं स्वतःहून काढून टेबलावर ठेवलं.

"घ्या," तो म्हणाला. "सगळे हेच पाहून राह्यले, मले समजते. पेन्सिल तासाले ठेवतो मी. रूपालीचा राग होता मले, नाही म्हणत नाही. पण संघदीप सरायनं माह्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण तपासून देलं, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. त्याहीची सही मी कापीन का?"

चाचांनी ब्लेडकडे पाहिलंसुद्धा नाही. "बेटा, तू सकाळी इथं बसला होता, तवा कपाटापाशी कोणी होतं का?"

"बेबीताई. ते तं नेहमीच रायते. मंग सर आले किल्ल्या घ्याले. मी मान खाली घालून वाचत होतो."

"काही आवाज? कागद फाडल्याचा, टरकल्याचा?"

लखननं विचार केला. "नाही. एकदम शांत होतं."

चाचांनी मान डोलावली, जणू हेच ऐकायचं होतं.

मग गोविंदसिंग सर. त्यांचं आणि संघदीप सरांचं दोन वर्षांपूर्वी केंद्राच्या प्रमुखपदावरून चांगलंच वाजलं होतं. सगळ्या कॉलेजला ते माहीत होतं. चाचांनी घुटमळत प्रश्न विचारला आणि सर आधी लालबुंद झाले, मग एकदम हसले.

"चाचा, मी मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. आमचे मायबाप दरसाल ऊस तोडाले जात. मी तांड्यावरचा पहिला डॉक्टर झालो, तवा माह्या मौखिकीले बाप धोतर धुऊन आला होता अन् मागच्या बाकावर रडत बसला होता. ह्या केंद्रावरची पहिली पीएच.डी. हाय ही. हे पान फाडून मी माहंच नाक कापीन का? अन् संघदीपशी माहं भांडण हाय ते माहं हाय. त्याचा हात गेला तवापासून ते बी मले गोड लागत नाही."

एवढं बोलून त्यांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसला. माझ्या मनातला त्यांच्याबद्दलचा संशय मला तिथंच फार खुजा वाटला.

तिसरी बेबीताई. ग्रंथालयातली परिचर. वीस वर्षांपासून आमच्या ग्रंथालयाच्या फाटक्या पुस्तकांची डॉक्टर ती, आणि मला परीक्षेच्या काळात जास्तीची पुस्तकं घरी नेऊ देणारीही तीच. मूळची जऊळक्याची. गोजरामावशीचे यजमान दौलतराव तिचे सख्खे मामा. तिनंच मला पहिल्यांदा त्या ओसरीवर नेऊन बसवलं होतं.

"म्या कपाट उघडलं, झाडलं, बंद केलं," ती म्हणाली. नजर जमिनीवर होती. "मले काही माहीत नाही, चाचा."

"बरं. शिकंज्यात कोणतं पुस्तक लावलं हाय?"

"कोणतंच नाही. दिवाळीपासून जिल्दीचं काम बंद हाय. चिकटवाची खळ संपली, नवी कोणी करून देली नाही."

"बरं," चाचा पुन्हा म्हणाले.

इतक्यात व्हरांड्याच्या टोकाला गोजरामावशी आणि भागिरथामावशी दिसल्या. दोघी सकाळच्या गाडीनं आल्या होत्या, डब्यात भाकरी-ठेचा आणि माझ्यासाठी तिळाचे लाडू घेऊन. गोजरामावशीनं बेबीताईला हाक मारली, "अवं बेबे, काय झालं व? पोरीचं तोंड काहून उतरलं?" आणि बेबीताई मामीकडे न बघता, उत्तर न देता, तरातरा खाली निघून गेली.

चाचांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "बेटा, सगळे एकाच बाजूचं इचारून राह्यले. पानाले दोन बाजू असतात. मागं काय होतं, ते दाखव."

४

ऋणनिर्देश माझ्या मोबाइलमध्ये होता. सबिहानं छापण्याआधी पाठवलेला. खरं सांगायचं तर तो मी नीट तपासलाच नव्हता. साडेतीनशे पानांची मुद्रितं वाचून डोळ्यांचं भजं झालं होतं, आणि आभार काय, आपणच लिहिलेले, त्यात चुकायचं काय, असं वाटलं. चाचांनी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि एकेक ओळ वाचली.

*"हा प्रबंध माझा एकटीचा नाही. माझे मार्गदर्शक डॉ. संघदीप सर यांनी मला ऐकायला शिकवलं. जऊळका येथील गं. भा. गोजराबाई व सौ. भागिरथाबाई यांनी मला शब्द दिले आणि जेवूही घातलं. श्री. दौलतराव यांनी वावर दाखवलं, बैल जुंपून दाखवले. श्रीमती बेबीताई यांनी पुस्तकं दिली. श्री. मेहबूबचाचा व सौ. सबिहा यांनी माझ्या अक्षरांना अंगावर कपडे दिले. या सर्वांच्या ऋणात राहणं मला आवडेल."*

"माहं बी नाव हाय," चाचा म्हणाले. क्षणभर त्यांचे डोळे चमकले. मग त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली आणि मोबाइल खाली घेतला.

"दौलतराव कसे हायेत आता?"

मला प्रश्नाचा संबंध कळेना. "बरे आहेत. गेल्या आठवड्यात अकोल्याला हृदयाचं ऑपरेशन झालं. मुलगा आहे जवळ. मावशी येणारच नव्हती, पण काकाच म्हणाले, 'मी कुठी पळून नाही चाललो, पोरीच्या परीक्षेले जा.' म्हणून आली."

"अन् आज तू हे पान सगळ्यायपुढं वाचणार होती?"

"हो. परीक्षा सुरू व्हायच्या आधी. मग एक प्रत मावशीच्या हातात देणार होते. तिला सांगून ठेवलंय मी. बेबीताईलाही काल सांगितलं होतं."

चाचा उठले. सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"सबिहाले फोन लाव," ते म्हणाले. "अन् गोविंदसिंग सरायले म्हणा, किल्ली घेऊन या. फक्त आपण चौघं. बेबीताईले बोलवा. पण गोजराबाईले तिकडं येऊ देऊ नका, काही झालं तरी."

"चाचा, चोर सापडला का?"

"चोर नाही, बेटा. पान सापडलं."

५

ग्रंथालयाचं दार आतून लावलं. साडेबारा झाले होते. बेबीताई कपाटाला टेकून उभी होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत होती.

चाचांनी एक प्रत उघडून सरांपुढे धरली. "हा काठ पा. ब्लेडनं कापलेला काठ सुरीसारखा सरळ रायते. हातानं फाडला तं दातरे पडतात, अन् आवाज बी होते. हा काठ मऊ हाय, बारीक लव आल्यासारखा. हे ओल्या दोऱ्याचं काम हाय. दोरा पाण्यात भिजवायचा, पानाच्या मुळाशी ठेवायचा, पुस्तक मिटायचं. कागद तेवढ्याच रेघेत ओला होते. पाच मिनटानं हलकंच ओढलं की पान हाती येते. ना आवाज, ना बाकीच्या पानाले धक्का. जुन्या पुस्तकातलं खराब पान असंच काढतात."

मला पेला आठवला. त्याच्या काठाचा दोराही.

"हे काम मालेगावात तिघायले येते," चाचा पुढे म्हणाले. "एक मी. दुसरी माही सून सबिहा. खोटं कायले बोलू, सर, सकाळी हा काठ पाह्यला अन् मले पहिले तिचाच धाक पडला. पण ते दुकानात होती. तिसरी..."

बेबीताईकडे त्यांनी पाहिलं नाही. ते खिडकीखालच्या शिकंज्याजवळ गेले.

"माह्या हाताखाली शिकलेलं माणूस ओलं पान कधी उघडं ठेवत नाही. सुकता सुकता त्याची गुंडाळी होते. ते दाबातच ठेवीन. खळ दिवाळीपासून नाही, काम बंद हाय, तरी शिकंजा आवळलेला हाय. कायले?"

त्यांनी दोन्ही स्क्रू सैल केले. वरची फळी उचलली. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत, एकावर एक, चार पानं होती. सपाट, कोरडी, एकही सुरकुती नसलेली. सगळ्यात वरच्या पानावर संघदीप सरांची निळी सही होती.

मी उरलेल्या तीन पानांवरच्या सह्याही मोजून घेतल्या.

"बेबीताई," गोविंदसिंग सरांचा आवाज चढला, "वीस वर्षं झाली तुमाले इथं! त्या पोरीचं वर्ष..."

"सर, जरा थांबा," चाचा म्हणाले. त्यांनी वरचं पान उलटं केलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सरांनी वाचलं. मीही वाकून वाचलं, आणि या वेळी पहिल्यांदा खरोखर वाचलं.

*गं. भा. गोजराबाई.*

गंगा भागीरथी. विधवेच्या नावामागे लावतात ते. नवरा अकोल्याच्या दवाखान्यात छातीला टाके घेऊन पडलेला, आणि मी त्याच्या बायकोला छापील विधवा करून टाकलं होतं. तेही तिलाच समोर बसवून, माइकवर वाचून दाखवायला निघाले होते.

बेबीताई आता बोलली. एकदा बोलायला लागली आणि थांबेचना.

"सकाळी म्या आमच्या लोकायची नावं पाहाले म्हणून उघडलं. दुसरं काय पाह्यचं मले त्या पुस्तकात? अन् हे दिसलं. माह्या तं पायाखालची जमीनच गेली. मामी साडेदहाच्या आत येणार. तिनं आठ दिवस झाले धड जेवण नाही केलं, कुंकू लावताना देवाले हात जोडते. तिच्यापुढं हे वाचलं असतं, तं काय झालं असतं व रूपाली? तुले फोन लावला, तुहा बंद."

फोन खरंच बंद होता. परीक्षेत वाजू नये म्हणून मी सकाळी आठलाच बंद केला होता.

"मंग म्या पानच काढलं. तुले बाजूले घेऊन सांगणार होती. म्हटलं, एक आभाराचं पान तं हाय, दुपारून नवं लावू. मागच्या अंगाले काय हाय ते म्या पाह्यलंच नाही, तुही आन! अन् मंग सगळे 'सही गेली, सही गेली' कराले लागले. सरायनं कुलूप लावलं. सांगू तं कसं सांगू? मामी दारातच उभी होती."

गोविंदसिंग सरांनी खुर्ची ओढून बेबीताईला बसवलं आणि स्वतः तिच्यासाठी पाणी आणलं. मी तिच्या गळ्यात पडले. माझी सहा वर्षं बुडवायला निघालेल्या बाईचे मी तेव्हा जेवढे आभार मानले, तेवढे त्या छापील पानावर कधीच मावले नसते.

"पण ही चूक केली कोणी?" सरांनी विचारलं. "रूपाली, तूच?"

माझ्या हस्तलिखितात तर मी नीट लिहिलं होतं. सौ. गोजराबाई. गं. भा. भागिरथाबाई.

दारावर टकटक झाली. सबिहा आली होती.

६

सबिहाला सगळं कळलं तेव्हा तिनं दोन्ही हात कानांना लावले.

"या अल्ला! दीदी, म्या बदललं ते. म्या समजून-उमजून बदललं!"

"काहून?" आम्ही चौघंही एकदम ओरडलो.

"आमी लग्नपत्रिका छापतो न. त्याच्यात गं. भा. वालं नाव सगळ्यात वर रायते. आजीचं, घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचं. मले वाटलं, लय मोठा मान हाय तो, गंगामायचा. तुमी तो लहान्या मावशीले देला होता अन् मोठीले नुसतं सौ. म्हटलं, दीदी थकली असंन, उलटं झालं असंन. मोठीले मोठा मान देला."

गोविंदसिंग सर आधी हसले. मग चाचा. मग आम्ही सगळेच असे हसलो, की सबिहाला रडूच फुटलं. तिनं मान दिला होता. बेबीताईनं माया केली होती. आणि मी, भाषेची अभ्यासक, दोन अक्षरांच्या शब्दावरून नजर फिरवून पुढे गेले होते. तिघींत खरी चूक माझीच होती, आणि मी ती तिथंच कबूल केली.

पुढचं काम चाचांचं. कँटीनमधून वाटीभर मैदा आला, चहाच्या गॅसवर खळ शिजली. काढलेली पानं त्यांनी जागच्या जागी डकवली, सहीची बाजू वर. मागच्या बाजूवर नव्यानं छापलेला ऋणनिर्देश चिकटवायचा होता. तो छापायच्या आधी सबिहानं विचारलं, "दीदी, आता कोणाले काय लावू?"

मी विचार केला. "काहीच नको लावू. सौ. नको, गं. भा. नको, श्री. नको. नुसती नावं."

"सरायले बी?"

गोविंदसिंग सर म्हणाले, "संघदीपचं डॉक्टर तेवढं राहू दे. कमावलेलं हाय ते."

दीड वाजता मॅडमनी चारही सह्या निरखून पाहिल्या. त्यांना खरा प्रकार सांगितला तेव्हा त्यांनी प्रत मिटली. "माझ्या लग्नाच्या पत्रिकेत आईचं नाव असंच गं. भा. लावून सगळ्यात वर छापलं होतं," एवढंच म्हणाल्या आणि सभागृहाकडे निघाल्या.

माइकपुढे उभी राहून मी ऋणनिर्देश वाचला. मोबाइलच्या पडद्यावर संघदीप सर डावा हात हलवत होते. गोजरामावशीचं नाव आलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली आणि जावेला कोपरानं ढोसलं. बेबीताई मागच्या भिंतीशी उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले होते.

परीक्षा तासभर चालली. मॅडमनी एकच प्रश्न असा विचारला की मी अडखळले. "बांध आणि धुरा, दोन्हीचा अर्थ तर वावराची कड. मग तुम्ही दोन वेगळ्या नोंदी का केल्या?" मी संदर्भ आठवते आहे, तोवर मागून गोजरामावशीचा आवाज आला. "अवं बाई, बांध पाण्याले अडवते, धुरा भावाले अडवते!" सभागृह हसून फुटलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "माझं समाधान झालं."

साडेतीनला गोविंदसिंग सरांनी माझ्या नावामागे पहिल्यांदा डॉक्टर लावून हाक मारली. मला मात्र मागे कुणीतरी दुसरीच उभी आहे असं वाटलं.

मावशींना गाडीवर सोडायला निघाले, तेव्हा चाचांनी मला बाजूला घेतलं.

"बेटा, एक सांगाचं राह्यलं. नवं पान चिकटवाच्या आधी म्या चारही पानावरचं गोजराबाईच्या नावामागचं 'गं. भा.' ब्लेडनं खरवडून काढलं. वरून पान लागणार होतं, कोणाले दिसणार नव्हतं. पण असलं अक्षर चांगल्या बाईच्या नावामागं अंधारात बी राहू नये."

"अन् भागिरथामावशीचं 'सौ.'?"

चाचांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "ते कायले खरवडू? त्यानं कोणाचं काय बिघडते?"

गोजरामावशी पुढे बेबीताईचा हात धरून काहीतरी सांगत चालली होती. आज हे लिहितेय ते दौलतराव काकांना विचारून. ते ठणठणीत आहेत, आणि "आता सांग तिले, हसंन ते," म्हणाले. पण त्या दिवशी मी फक्त भागिरथामावशीला सांगितलं. का, ते मलाही नीट माहीत नाही. पिशवीतली, मावशींना दिलेली प्रत काढली, पान उघडलं आणि घडलं ते सगळं सांगितलं.

तिला वाचता येत नाही. तिनं पान डोळ्यांजवळ नेलं.

"कुठी हाय ते?" तिनं विचारलं.

मी तिचं बोट धरून तिच्या नावाच्या थोडं अलीकडे ठेवलं. "इथं. याच्या खाली."

वरचं पान अजून खळीनं जरासं ओलसर होतं. तीस वर्षं कोणी तिच्या नावामागे ते अक्षर लिहिलं नव्हतं. तिनं बोट हलवलं नाही. पुढून गोजरामावशीनं हाक मारली, "अवं भागिरथे, चाल न, गाडी जाईन!" तेव्हा तिनं पुस्तक अलगद मिटलं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "आली व बाई, आली."